माझ्या पोटातल्या लाथा

आधीच सांगतो, असल्या गोष्टी मानणारा मी माणूस नाही. माझ्या दुकानाला लिंबू-मिरची नाही. दर शनिवारी ती लावायला येणाऱ्याशी मी एकदा असा भांडलो की तो आता आमची गल्ली टाळून जातो. माझा धंदा जुन्या इलेक्ट्रिक मोटारींचा. बंद पडलेल्या राइस मिल, क्रशर, आटाचक्क्या यांच्या मोटारी घ्यायच्या, वाइंडिंग करायचं, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायची, आणि विकायच्या. समोरचा खोटंच बोलतोय असं धरूनच या धंद्यात उतरावं लागतं. "दोनच महिने चालली आहे" म्हणून गळ्यात मारलेली मोटार उघडली की आत उंदराचं घरटं निघतं. त्यामुळे इथे या ग्रुपवर लोकांचे अनुभव वाचताना माझ्या मनात कायम एकच प्रश्न यायचा, की हा माणूस नेमकं काय विकतोय?

मी काही विकत नाहीये. माझी तक्रार आहे. जे घडलं त्याचं श्रेय आमच्या घरात भलत्याच माणसाला मिळालं, आणि खरं काय ते मला तोंड उघडून सांगता येत नाही. म्हणून इथे लिहितोय.

मी छत्तीसगडमधल्या भिलाईचा, खुर्सीपारला राहतो. दुकान पॉवर हाउसच्या अलीकडे. वडील काटोलकडून येऊन रेल्वेत गँगमन झाले. ते लवकर गेले. सोळाव्या वर्षी मी सायकलच्या कॅरिअरला मोटार बांधून कुम्हारीपर्यंत पोचवायचो. आज माझं स्वतःचं दुकान आहे, पिकअप आहे. हे सगळं मी कोणापुढे हात न पसरता केलं आहे, हे सासरच्यांना कधी दिसलं नाही ती गोष्ट वेगळी. सासर दुर्गला, मोहन नगरमध्ये. सासरे रेल्वेत गार्ड होते, ते आता हयात नाहीत. सासूबाई मला तोंडावर कधी भंगारवाला म्हणाल्या नाहीत. "आमचे जावाई लोखंडाच्या बिझनेसमंदी हायेत" असं शेजारणीला सांगायच्या, आणि 'बिझनेस' म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली जायचा. मला ते ऐकू यायचं.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्यात दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं. तिसऱ्या वेळी तिसरा सरला, चौथा सरला, तेव्हा मनीषाने, म्हणजे माझ्या बायकोने, पहिल्यांदा माझ्यादेखत आपल्या पोटावर हात ठेवला. तोवर ती ठेवतच नव्हती. पाचव्याच्या मध्यावर एकदा भात वाढता वाढता थांबली.

"काय झालं?" मी घाबरलोच.

"आतून टिचकी मारली कोणीतरी," ती म्हणाली. तिच्या हातातल्या पळीतला भात ताटाबाहेर पडला, पण मी काही बोललो नाही. एरवी बोललो असतो.

सातव्यात डोहाळजेवण झालं आणि ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. जाताना डॉक्टरीणबाईंनी तिला एक काम दिलं होतं. वही करायची, दिवसभरात बाळाच्या जोरात लाथा बसतील त्या वेळा लिहायच्या. दर तपासणीला ती वही दाखवायची. "बाळ आतमध्ये झोपतं, पण फार वेळ झोपत नाही," बाई म्हणाल्या होत्या. "हालचाल कमी वाटली तर वाट बघायची नाही, इकडे निघून यायचं." बाई मूळच्या अमरावतीच्या, आमच्याशी मराठीत बोलायच्या. तरी मला त्यांचा संशय होताच. नवं ऑपरेशन थिएटर बांधलेला डॉक्टर आणि नवं मशीन घेतलेला वाइंडर, दोघांनाही कधी एकदा ते चालवून बघतो असं होतं.

मनीषा गेल्यावर आठव्या दिवशी सुरू झालं.

दुकानात पाच एचपीची एक मोटार टेस्टिंगला लावली होती. मी चालत्या मोटारीच्या अंगावर तळवा ठेवून तिची थरथर बघतो. बेअरिंग गेलेलं असेल तर हाताला कळतं. तर तसा हात ठेवून उभा होतो आणि डाव्या बरगडीखाली आतून धक्का बसला. मी उडी मारून मागे झालो.

"साहू! अर्थिंग बघ आधी. बॉडीत करंट आहे!"

साहू आमचा जुना मिस्त्री, अहिवाऱ्याच्या बाजूचा, छत्तीसगढी बोलणारा. त्याने टेस्टर लावला, मग स्वतःचा हात लावला. "कुछु नइ हे भैया. मोटर ठीक हे." तो माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात दुसरा धक्का बसला. आता माझा हात मोटारीवर नव्हता.

गॅस, म्हटलं. ओवा खाल्ला. मग संशय डोहाळजेवणावर गेला. सासूबाईंनी मला तिसऱ्यांदा आग्रह करून वाढलेल्या त्या पाटवड्यांत काय होतं देव जाणे. पण आठ दिवसांपूर्वीच्या पाटवड्या रोज सकाळी सातला, जेवण झाल्यावर आणि दुपारी साडेचारला लाथा मारत नसतात. शेवटी पोटाची सोनोग्राफी करायला गेलो. बाहेर सात गरोदर बायका आणि मी. सगळ्यांना पाणी पिऊन बसायला सांगितलेलं. आत टेबलावर नेमका झोपलो आणि बरगडीखाली एक सणसणीत बसली. मशीनवाल्याला म्हटलं, "अब देखो! अभी मारा!" त्याने स्क्रीन पाहिली. "किसने मारा, भैया? गैस भी नहीं है. सब साफ है." बाहेर येऊन त्याने कंपाउंडरला काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले. मी परत जाऊन दोघांनाही काय बोलायचं ते बोललो.

इथपर्यंत माझ्या डोक्यात मनीषाच्या पोटाशी याचा काही संबंध आलाच नव्हता. एका संध्याकाळी पोटात वेगळंच सुरू झालं. लाथ नाही... बारीक, एकसारखं, टिक, टिक, टिक. मोटारीच्या शाफ्टवरची चावी, म्हणजे पुली घट्ट धरणारी पट्टी, सैल झाली की फिरताना होतं तसं. पाव तास तेच. तेवढ्यात मनीषाचा फोन आला. इकडतिकडचं बोलणं झाल्यावर ती हसत म्हणाली, "पाव तास झाला, तुमच्या लेकराले उचकी लागली आहे. थांबूनच नाही राहिली. पोट कसं टिकटिक करते."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो.

"ऐकता न?"

"हो," मी म्हटलं. "डॉक्टरला विचारलं का?"

"विचारलं होतं मागं. म्हणे उचकी लागतेच बाळाले. श्वास घ्यायची प्रॅक्टिस करते म्हणे ते." आणि मग, "थांबली पाहा आता."

माझीही थांबली होती.

आता माझ्या जागी दुसरा कोणी असता तर देवाला हात जोडले असते. मला पहिला विचार आला की मी स्वतःलाच फसवतोय. ती फोनवर सांगते, मी ऐकतो, आणि मग मला तसं वाटायला लागतं. गिऱ्हाइकाला आपण दहादा 'मोटार शांत चालते' म्हटलं की त्याला ती शांत ऐकू यायला लागते, तसं. म्हणून मी परीक्षा लावली. मनीषाला सांगितलं, चार दिवस कामात आहे, फोन करणार नाही, तूही करू नको. आणि जुन्या बिलबुकाच्या मागे प्रत्येक लाथेची वेळ लिहिली. मी मागाहून फिरवाफिरवी करू नये म्हणून प्रत्येक ओळीपुढे साहूची सही घेतली.

"ये काय चीज के दसखत ए भैया?" त्याने दुसऱ्या दिवशी विचारलंच.

"तुला काय करायचंय? सही कर."

त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं, बिलबुकाकडे पाहिलं. साहूला चार पोरं आहेत. तो हळूच म्हणाला, "लइका तो भउजी के पेट म हे, लात तोला काबर परत हे?" पोर वहिनीच्या पोटात, मग लाथा तुला का, असं विचारत होता तो.

मी त्याला दिवसभर कामाला लावलं.

रविवारी मोहन नगरला गेलो. मनीषा आंघोळीला गेली तशी तिची वही काढली आणि बिलबुक शेजारी धरलं. चार दिवसांच्या एकोणीस नोंदी. तिच्याही एकोणीस. पण जुळत नव्हत्या. माझे सात दहा तर तिचे सव्वासात. माझे चार चाळीस तर तिचे पावणेपाच. मला हायसं वाटलं, खरं सांगतो. मग लक्षात आलं की फरक सगळीकडे पाचच मिनिटांचा आहे. एकही चार नाही, एकही सहा नाही. मी मान वर केली. भिंतीवर सासऱ्यांचं घड्याळ होतं. ड्युटीला उशीर होऊ नये म्हणून ते आयुष्यभर पाच मिनिटं पुढे ठेवायचे, आणि त्यांच्या मागे सासूबाईंनी ते तसंच चालू ठेवलं आहे.

दोन्ही वह्या मिटल्या. त्यातही पहिला संशय साहूवर. हा मनीषाला मागच्या मागे फोन करून वेळा कळवत असेल आणि दोघं मिळून माझी मजा बघत असतील. दुसऱ्या दिवशी त्याला फैलावर घेतलं. तो जन्मात पहिल्यांदा माझ्यावर चिडला. "दसखत घलो मोर ले करवाए अउ सक घलो मोरे उपर?" म्हणाला, म्हणजे सह्याही माझ्याच आणि संशयही माझ्यावरच, आणि अर्धा दिवस जेवायला निघून गेला.

मनीषाला काही सांगितलं नाही. दोनदा गमावलेल्या बाईला हे कसं सांगायचं? आणि तिच्यामार्फत ते सासूबाईंना कळलं असतं. भंगारवाला होतोच, आता वेडाही झालो असतो. पण खरं सांगायचं तर मला त्याची सवय लागली होती. सकाळी सातची लाथ बसली की मी कामाला लागायचो.

मग तो मंगळवार आला.

अहिवाऱ्याच्या पलीकडे, चुन्याच्या खाणींच्या अंगाला, एक बंद पडलेला क्रशर होता. त्याच्या मोटारी विकायच्या होत्या. सकाळी सातची नेहमीसारखी बसली, आणि मी पिकअप घेऊन निघालो. दहा-साडेदहाला तिथे पोचलो. मालक खुर्ची टाकून बसला होता, वर पांढरी धूळ. एक मोटार त्याने जनरेटरवर चालू करून दाखवली. मी माझा लांब पेचकस काढला, टोक बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली. असं केलं की मोटारीच्या आतलं सगळं ऐकू येतं. बेअरिंग चांगलं होतं. ते मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"खरखर आहे," मी म्हटलं.

"खरखर आपके कान में है, सेठ," तो म्हणाला. माणूस तयार होता. मला मजा येणार होती.

आणि तेवढ्यात पोटात फडफड झाली. तशी आधी कधीच झाली नव्हती. लाथ नाही, उचकी नाही. लोड जास्त झाल्यावर मोटार जाम व्हायच्या आधी जशी थरारते तशी... चार-पाच सेकंद. मग एकदम बंद. हाताने स्विच काढल्यासारखं.

मी वाट पाहिली. बाळ झोपतं, मला माहीत होतं. त्याच्या झोपेचा हिशोबही आता मला पाठ होता, वीस मिनिटं, अर्धा तास, क्वचित पाऊण तास. आणि झोपलेलं असलं तरी एक बारीक जडपणा असायचा, गाडी न्यूट्रलला उभी असते तसा. तो नव्हता. इंजिनच बंद होतं. मालक भाव बोलत होता, मी मान हलवत होतो. सव्वाअकरा झाले. साडेअकरा. पावणेबारा.

"तो फाइनल समझूँ?" मालक म्हणाला. त्याने पहिल्यांदा बोललेला भाव तोच होता, आणि मी तासभर त्यावर एक शब्दही बोललो नव्हतो. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. मी काही न बोलता गाडीकडे चालू लागलो. मागून त्याने भाव उतरवला, आणखी उतरवला. त्याला वाटलं असेल, काय पक्का माणूस आहे.

मनीषाचा फोन सासूबाईंनी उचलला.

"आई, मनीषाला द्या."

"झोपली हाय ते. काल रातच्यानं अंग जड हाय म्हणे."

"बाळ हाललं का?"

"आँ?"

"बाळ हाललं का सकाळपासून? विचारा तिला उठवून."

"जावाईबुवा, असं काय एकदम विचारून राहिले? आता दिवस भरत आले, बाळ खाली सरकते. मग जागा कुठं राह्यते त्याले हालाले? माह्या दोन्ही वक्ताले शेवटी शेवटी चूपच होते लेकरं."

"डॉक्टर म्हणाली होती, शेवटपर्यंत हालतं. हालचाल कमी झाली की लगेच यायचं. तुम्ही आत्ताच्या आत्ता ऑटो करा आणि तिला घेऊन जा."

"अन् नेलं का ते लगेच चिरते! मले मालूम नाही का? आठवा चालू हाय पोरीले. सातव्यातलं जगते, आठव्यातलं नाही जगत. आठवा सरल्याशिवाय मी तिले टेबलावर नाही जाऊ देत."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. मला वाटलं, ठेवला फोन. ठेवला नव्हता. आणि मला कळलं की मी चुकीच्या पद्धतीने सौदा करतोय. अडून बसलेल्या माणसाला जितकं ढकलाल तितका तो अडतो.

"आई," मी आवाज खाली आणला. "आठवा कसा? कागदावर पस्तीस आठवडे आणि दोन दिवस आहेत. चारने भागा. आठ पूर्ण होऊन नववा लागला."

"चार आठोड्याचा महिना कोण्या पंचांगात असते?"

"बरं, तिथीने धरा. साडेएकोणतीस दिवसांचा. तरी आठ पूर्ण होऊन वर अकरा दिवस झाले."

पलीकडे त्या बोटांवर मोजत असणार. "नाही," त्या म्हणाल्या. "तुमी डॉक्टरीनच्या हिशोबानं धरता. ते मागची पाळी आली तवापासून मोजते. तवा कुठं होतं पोर? आमी पाळी चुकली तवापासून धरतो."

"पाळी चुकली तेव्हा पोर पंधरा दिवसांचं होऊन बसलं होतं आई! ते पंधरा दिवस कोणाच्या खात्यात? तुम्ही तर पूर्ण महिना गाळला. अर्धा तुमचा, अर्धा माझा करा. करा हिशोब."

अहिवाऱ्याच्या त्या पांढऱ्या धुळीत, भर उन्हात, मी सासूशी पोटातल्या पोराच्या वयाचा भाव करत उभा होतो. पंधरा दिवस त्यांनी सोडले. तरी त्यांच्या हिशोबाने आठवा सरायला तीन-चार दिवस कमीच पडत होते, आणि तेवढे दिवस त्या सोडायला तयार नव्हत्या.

मग मी धंद्यातला शेवटचा उपाय केला. किल्ली समोरच्याच्या हातात दिली.

"ठीक आहे. चिरायचं नाही. तुम्ही म्हणाल तेव्हाच. फक्त ठोके ऐकून परत या. ठोके बरोबर असले तर तुम्ही खऱ्या, मी खोटा. बारशाला सगळ्यांसमोर कान पकडीन."

त्या खाकरल्या. मग, "ठोके ऐकाले काय जाते..." आणि लगेच, "पण तुमाले इतक्या दूर बसून कसं समजलं?"

"ऑटो बोलवा आई," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

रस्त्यात मी पोटाकडे लक्ष लावून गाडी चालवत होतो. काही नाही. अर्ध्या वाटेत सासूबाईंचा फोन आला. मागे आवाज येत होता, मशीनवर लावलेल्या ठोक्यांचा. धक्-धक्-धक् असा धावता हवा तो... धक्... धक्... आणि मध्येच जागा.

"जावाईबुवा," त्या म्हणाल्या. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "ठोक्याची गाडी थांबून राहिली हो. माह्या कानानं ऐकून राहिली मी."

"डॉक्टर काय म्हणते?"

"लगेच काढा म्हणते." मग एक मोठा श्वास. "नववा लागला होता, जावाईबुवा. मीच मोजाले चुकली. करू सही?"

"करा," मी म्हटलं.

सही त्यांची आहे. हे मी कुठेही कबूल करायला तयार आहे.

मी पोचलो तेव्हा मुलगी बाहेर आली होती. अंगावर पांढरा लेप, लोण्यासारखा, आणि रडायला तिने बराच वेळ घेतला म्हणे. मी ऐकलं ते रडणं चांगलं खणखणीत होतं. दोन किलो शंभर. नर्सरीत पाच दिवस ठेवली. मनीषा शुद्धीवर होती, बोलत नव्हती. आणि माझा स्वभाव बघा... मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "ऑपरेशनची गरज होती हे मला दाखवा." त्या चिडल्या नाहीत. ट्रेमध्ये नाळ होती. तिच्यात गाठ होती. गळ्याभोवतीचा वेढा नाही, खरोखरची गाठ, आपण सुतळीला मारतो तशी, आणि घट्ट बसलेली. "बाळ लहान असतं तेव्हा पाण्यात कोलांट्या मारतं. एखादं स्वतःच्याच नाळेच्या फासातून निघून जातं. गाठ सैल असली तर काही होत नाही. ही आज आवळली," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत थांबला असता तर मी तुम्हाला हे दाखवलं नसतं, दुसरंच दाखवलं असतं. कोणी ओळखलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "मले सकाळपासूनच कसंतरी वाटून राहिलं होतं बाई."

आणि तेव्हापासून हीच गोष्ट आहे. बारशाला हीच सांगितली. मोहन नगरच्या प्रत्येक घरात हीच आहे. आईचं काळीज, असं लोक म्हणतात आणि सासूबाई पदर डोळ्याला लावतात. मला एका पाहुण्याने विचारलं, "तुम्ही त्या दिवशी कुठं होते?" "अहिवाऱ्याला, मोटारी घेत होतो," मी म्हटलं. तो "बरं बरं" म्हणाला. त्या 'बरं बरं'चा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

माझ्या पोटात त्या दिवसानंतर काही नाही. एकही नाही.

मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर मला राहवलं नाही. मनीषाला बिलबुक दाखवलं. साहूच्या सह्या, वेळा, सगळं. तिची वही काढायला लावली. पाच मिनिटांचा फरक समजावला. मला वाटलं ती रडेल, किंवा हसेल. तिने वहीची पानं मागेपुढे उलटली.

"हे जुळूच शकत नाही," ती म्हणाली.

"समोर आहे न!"

"अहो, मी मोजतच नव्हती." तिने वही मिटली. "मोजायले बसली की छातीत धडधड व्हायचं. आता नाही आली लाथ तर? म्हणून मोजायचीच नाही. दिवसातून चार-पाचदा घड्याळाकडे पाह्यची अन् मनानं वेळ लिहून टाकायची. डॉक्टरीन बाईले दाखवायले. ह्या साऱ्या वेळा खोट्या आहेत."

मी बिलबुक पुन्हा पाहिलं. एकोणीसच्या एकोणीस.

मग माझ्या पोटात जे होत होतं ते कोणाचं? बाळाच्या लाथा म्हणाव्यात, तर वेळा तिने मनाने लिहिलेल्या. तिच्या मनातलं म्हणावं, तर बाळाला उचकी लागली ती खरी होती, आणि मंगळवारी गाठ आवळली तीही खरी होती. दोन्हीकडून हिशोब लागत नाही. मी तिलाही उलटसुलट विचारलं. आता खोटं बोलतेस का, तेव्हा बोलत होतीस? साहूने सांगितलं का? ती पोरीकडे वळली.

"त्या मंगळवारचं पान सकाळी सातच्या नोंदीनंतर कोरं आहे," मी म्हटलं. "त्या दिवशी का नाही लिहिलं खोटं?"

"त्या दिवशी मी खरंच मोजलं." ती पोरीच्या अंगावरचं पांघरूण नीट करत होती, ते आधीच नीट होतं. "सकाळी दहा-साडेदहापासून मनात कायतरी चुकचुकत होतं. म्हणून मोजायले बसली. एकबी नाही आली. तुमचा फोन आला तेव्हा मी झोपली नव्हती. भिंतीकडं तोंड करून पडली होती. आईचं अन् तुमचं भांडण ऐकत होती."

"अगं मग बोलायचं न! मला फोन करायचा!"

"तुमी ओरडले असते," ती म्हणाली.

मी ओरडलो नसतो. हे मी तिला इतक्या जोरात सांगितलं की पोरगी दचकून जागी झाली.

त्याला आता वर्ष होत आलं. मी दोन डॉक्टरांना विचारलं. एक म्हणाला की बाप होणाऱ्यांना असे भास होतात. मान्य, पण भासाला वेळ कशी कळते? दुसरा म्हणाला की योगायोग. त्याला मी म्हटलं, एकोणीस योगायोग एका वहीत बांधून दे, मी विकत घेतो. साहूला विचारलं तर तो म्हणतो, "अब का करना हे भैया, लइका बने हे न?" पोरगी छान आहे, चालायला लागली आहे. माझ्याकडे याचं उत्तर नाही आणि कोणी आणून दिलं तर मी ते आधी ठोकून बघणार आहे. पण हल्ली घरात मनीषा गप्प बसली की मी हातातलं काम ठेवतो. तिच्याकडे बघतो, मग स्वतःच्या पोटाकडे लक्ष लावतो. तिथे काही नसतं. मग नाइलाजाने, आवाज जमेल तितका खाली ठेवून, विचारतो, "काय झालं?"